गैरहजर नायिकेचा माहितीपट कसा पाहावा

फेंटन बेली आणि रँडी बार्बाटो या दिग्दर्शकद्वयाचा 'इनसाइड डीप थ्रोट' हा माहितीपट ११ फेब्रुवारी २००५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. १९७२ सालच्या 'डीप थ्रोट' या गाजलेल्या कामुक चित्रपटाची, त्यावरील खटल्यांची आणि त्याची नायिका लिंडा लव्हलेस हिची कहाणी तो सुमारे दीड तासात सांगतो. ब्रायन ग्रेझर यांच्यासारखे हॉलिवूडमधले वजनदार निर्माते, डेनिस हॉपर यांचे निवेदन, नॉर्मन मेलर, गोर व्हिडाल, एरिका जाँग हे लेखक, दिग्दर्शक जॉन वॉटर्स अशा बोलक्या मंडळींच्या मुलाखती, एवढा ऐवज एकत्र आल्यावर माहितीपट कंटाळवाणा होण्याची शक्यताच उरत नाही. पाहणाऱ्याची अडचण नेमकी तिथेच सुरू होते. दीड तास हसतखेळत निघून जातो आणि जिच्या नावावर हा सगळा डोलारा उभा आहे त्या बाईला आपण नीट ऐकलेच नाही, हे दुसऱ्या दिवशी कधीतरी ध्यानात येते.

पुढील सूचना अशा वाचकांसाठी आहेत ज्यांना हा माहितीपट एखाद्या अभ्यासमंडळात किंवा घरी चार जाणत्या स्नेह्यांबरोबर, करमणुकीपलीकडे जाऊन पाहायचा आहे. त्यासाठी मूळ चित्रपट आधी पाहिलेला असावा, अशी अट नाही. माझ्या मते तो न पाहणेच बरे. यामागे सोवळेपणा नाही, आणि कारण काय ते ओघात येईलच.

बसण्यापूर्वी

सर्वप्रथम एका कागदावर सनावळी लिहून काढावी. हा माहितीपट काळात सारखा मागेपुढे उड्या मारतो आणि कोण कोणत्या साली बोलत आहे याचा विसर पडला की साक्षीला किंमत उरत नाही. लिंडा बोरमन हिचा जन्म १० जानेवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागात झाला. लव्हलेस हे नाव तिला या चित्रपटाने दिले. जानेवारी १९७२ मध्ये फ्लोरिडात, मायामीच्या परिसरात चित्रीकरण झाले. दिग्दर्शक जेरार्ड डामियानो हा पूर्वी केशरचनेचा व्यवसाय करणारा गृहस्थ. जून १९७२ मध्ये चित्रपट न्यूयॉर्कच्या 'न्यू वर्ल्ड' चित्रपटगृहात लागला. जानेवारी १९७३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या पुरवणीने या लाटेला 'पोर्नो शिक' असे नाव दिले, म्हणजे असले चित्रपट पाहणे हे उच्चभ्रूंमध्ये फॅशनचे झाले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये न्यायाधीश जोएल टायलर यांनी चित्रपट अश्लील ठरवला आणि जूनमध्ये अश्लीलतेचा निकष सांगणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 'मिलर' निकाल आला. १९७६ मध्ये मेम्फिसचा खटला झाला. १९८० मध्ये लिंडाचे 'ऑर्डील' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले, १९८६ मध्ये अश्लील साहित्याविषयीच्या सरकारी मीझ आयोगाचा अहवाल आला. मोटार अपघातात झालेल्या दुखापतींमुळे २२ एप्रिल २००२ रोजी डेन्व्हर येथे लिंडाचे निधन झाले, तेव्हा ती ५३ वर्षांची होती. ज्याच्यावर तिने पुढे मारहाणीचा आणि सक्तीचा आरोप केला तो तिचा पहिला नवरा चक ट्रेनर हाही त्याच वर्षी जुलैमध्ये वारला.

शेवटच्या दोन नोंदींखाली दुहेरी रेघ ओढावी. आरोप करणारी आणि आरोपी, दोघेही माहितीपट प्रदर्शित होण्याच्या अडीच वर्षे आधीच जगातून गेलेले आहेत. त्यामुळे पडद्यावर लिंडा जेव्हा जेव्हा दिसते तेव्हा तेव्हा ती दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कशासाठी तरी टिपलेल्या फितीतली असते. तिला उलट विचारण्याची किंवा तिने उलट उत्तर देण्याची संधी उरलेली नाही.

दुसरी तयारी आवृत्तीची. चित्रपटगृहांत तो 'एनसी-१७' या दर्जाने, म्हणजे १७ वर्षे व त्याखालील कोणालाही प्रवेश नाही अशा अटीवर लागला होता, कारण मूळ चित्रपटातील काही सेकंदांचे उघड दृश्य त्यात आहे. पुढे डीव्हीडीवर त्याची 'आर' या त्याहून सौम्य दर्जाची, कात्री लावलेली आवृत्तीही आली. गटाने पाहायचे असल्यास ही दुसरी आवृत्ती निवडावी; युक्तिवादाचे काहीच नुकसान होत नाही. पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी कोणालाही पूर्वकल्पना दिली नव्हती. ते काही सेकंद आले, एक ज्येष्ठ सभासद काही न बोलता उठून गेले आणि उरलेली संध्याकाळ लिंडाऐवजी त्यांच्या उठून जाण्यावर खर्च झाली. चूक माझीच होती. तेव्हापासून निमंत्रणातच काय दिसणार आहे ते मी स्पष्ट शब्दांत लिहितो, सर्वजण प्रौढ असतील याची खात्री करतो आणि मध्येच उठून जाण्यात गैर काही नाही हेही सांगून ठेवतो.

सभागृह घेण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सार्वजनिक प्रदर्शनाला चलच्चित्र अधिनियम, १९५२ अन्वये प्रमाणपत्र लागते आणि पत्रिकेवर 'फक्त सभासदांसाठी' असे छापल्याने कार्यक्रम आपोआप खासगी ठरत नाही. आधी जाणकार वकिलाला विचारावे. किंवा सरळ घरच्या दिवाणखान्यात बसावे.

कोण बोलते आहे, आणि कुठून

पहिल्यांदा पाहताना वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत: बोलणाऱ्याचे नाव, १९७२ मध्ये ती व्यक्ती काय करत होती, आणि आज बोलताना तिचे काय पणाला लागले आहे. पहिल्या अर्ध्या तासातच एक गोष्ट उघडी पडते. माहितीपटातले बहुसंख्य वक्ते हे त्या काळाचे भाष्यकार आहेत. चित्रीकरणाच्या जागी हजर असलेले थोडे. मेलर किंवा व्हिडाल काय म्हणतात ते चटकदार असते, पण मायामीत चित्रीकरणाच्या सहा दिवसांत काय घडले याविषयी त्यांच्या बोलण्याला साक्षीचा दर्जा नाही. डामियानो आणि नायक हॅरी रीम्स यांच्या बोलण्याला तो आहे. मात्र हे दोघे त्या चित्रपटाने घडवलेले आणि बिघडवलेलेही आहेत, हे तिसऱ्या रकान्यात नोंदवून ठेवावे.

रीम्सकडे विशेष लक्ष द्यावे. तो मुळात प्रकाशयोजनेच्या कामासाठी आलेला माणूस. ऐनवेळी नट झाला आणि त्याला २५० डॉलर मिळाले. पुढे खटला, दारू, मग दारूतून सुटका, ख्रिस्ती धर्मावरील नव्याने जडलेली श्रद्धा, आणि शेवटी यूटामधील पार्क सिटी येथे घरे-जमिनींच्या दलालीचा व्यवसाय. तरुणपणीच्या फितीतला मिशाळ, खिदळणारा रीम्स आणि मुलाखतीतला शांत, तोलून बोलणारा रीम्स हे दोन्ही चेहरे लागोपाठ येतात तेव्हा चित्र थांबवून दोन्हींकडे पाहावे. तीस वर्षे म्हणजे काय, ते निवेदनापेक्षा तिथे अधिक कळते.

दुसरी थांबण्याची जागा मला या माहितीपटातली सर्वांत बोलकी वाटते. फ्लोरिडातील एक निवृत्त वितरक आपल्या घरात बसून, चित्रपटाच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या गुंड मंडळींच्या आठवणी सांगू लागतो आणि त्याची बायको त्याला मध्येमध्ये दटावते की गप्प बस, हे बोलू नकोस. प्रेक्षक खदखदून हसतात. हसून झाल्यावर फीत मागे न्यावी आणि या वेळी फक्त त्या बाईंचा आवाज ऐकावा. त्यात नवऱ्यावरची नेहमीची कुरकुर आहे, पण तिच्या तळाशी भीतीही आहे, आणि ती तीस वर्षांनंतर, एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बैठकीच्या खोलीत अजून जागी आहे. ज्या चित्रपटाला मुक्तीचा झेंडा म्हणून मिरवले गेले त्याचे भांडवल कोलंबो या गुन्हेगारी टोळीशी संबंधित पेरैनो कुटुंबाचे होते, ही माहिती निवेदनातही मिळते. तिचा अर्थ मात्र या बाईंकडून मिळतो. डामियानोचा चित्रपटातला एकतृतीयांश वाटा याच मंडळींनी किरकोळ रकमेत आपल्याकडे घेतला आणि त्याने तक्रार केली नाही. (जाता जाता: याच कुटुंबाच्या ब्रायनस्टन कंपनीने पुढे १९७४ मध्ये 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' वितरित केला. भयपटांच्या चाहत्यांना हा धागा ठाऊक असतो, इतरांना सहसा नसतो.)

आकडा पडद्यावर आला की पेन्सिल उचलावी

२५ हजार डॉलरमध्ये तयार झालेल्या चित्रपटाने ६० कोटी डॉलर कमावले, असा दावा माहितीपट करतो आणि त्याच्या जाहिरातीतही तोच आकडा झळकला. इथे घाईने मान डोलावू नये. न्यूयॉर्कमध्ये तिकीट ५ डॉलरचे होते, जे त्या काळी चढेच म्हणायचे. सगळीकडे तेवढेच होते असे क्षणभर धरले तरी ६० कोटींसाठी १२ कोटी तिकिटे खपायला हवीत. अमेरिकेची तेव्हाची लोकसंख्या तान्ह्या मुलांसकट सुमारे २१ कोटी. त्यातून चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी होती आणि तो मोजक्याच चित्रपटगृहांत लागत होता. म्हणजे हिशेब जुळत नाही. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी माहितीपटाच्या परीक्षणातच एक शक्यता मांडली होती: असली चित्रपटगृहे बहुतांशी टोळ्यांच्या हातात असल्यामुळे इतर काळ्या धंद्यांचा पैसा तिकीटविक्री म्हणून दाखवून पांढरा केला जात असणार, म्हणजे आकडा खातेवहीत असेलही, पण तेवढे प्रेक्षक आले होते असे त्यावरून म्हणता येत नाही.

लिंडाचे मानधन १,२५० डॉलर ठरले होते. २५ हजारांच्या खर्चात ते बरोबर पाच टक्के होते. तेही ट्रेनरने ठेवून घेतले, असे तिचे म्हणणे होते. गटात मी हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो आणि मगच पुढचा भाग लावतो.

लिंडाच्या चार साक्षी

हा सर्वांत कठीण भाग, आणि माहितीपट जिथे सर्वांत घाईत आहे तोही हाच. लिंडाने आपल्या आयुष्याविषयी निरनिराळ्या वेळी निरनिराळे सांगितले. चित्रपट गाजत असताना ती मुलाखतींत हसून सांगे की आपल्याला हे सारे मनापासून आवडते. १९७४ मध्ये तिच्या नावावर निघालेले पुस्तकही त्याच सुरातले होते, आणि तो मजकूर आपला नव्हता असे तिने पुढे सांगितले. १९८० च्या 'ऑर्डील'मध्ये तिने लिहिले की ट्रेनर आपल्याला मारत असे, बंदुकीचा धाक दाखवत असे आणि शरीरविक्रय करायला लावत असे. चित्रीकरणाच्या काळात मुक्कामाच्या खोलीत त्याने केलेली मारहाण भिंतीपलीकडे इतरांना ऐकू गेली होती आणि तिच्या अंगावरचे वळ खुद्द चित्रपटात दिसतात. प्रकाशनापूर्वी तिची पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची, चाचणी घेण्यात आली होती. त्यानंतर ग्लोरिया स्टाइनेम, कॅथरीन मॅककिनन, अँड्रिया ड्वॉर्किन यांच्यासारख्या स्त्रीवादी नेत्यांच्या व्यासपीठावरून ती बोलू लागली. हा चित्रपट जो जो पाहतो तो आपल्यावरचा बलात्कार पाहतो, अशा आशयाची साक्ष तिने मीझ आयोगापुढे दिली. मूळ चित्रपट न पाहणे बरे असे वर म्हटले त्याचे कारण हे वाक्य आहे. आणि अखेरच्या वर्षांत तिने आणखी एक वळण घेतले: चळवळीतल्या लोकांनीही इतरांप्रमाणेच आपला वापर केला, असे ती म्हणू लागली, आणि एका प्रौढांच्या मासिकासाठी तिने छायाचित्रेही काढून घेतली.

माहितीपट ही वळणे एकापाठोपाठ एक ठेवतो तेव्हा, हेतू काहीही असो, प्रेक्षकाच्या मनात 'बाईच्या बोलण्यात मेळ नाही' असा ग्रह होतो. त्यावर उपाय असा की प्रत्येक फितीच्या वेळी तारीख लिहावी आणि त्या दिवशी तिच्या शेजारी कोण उभे होते, तिच्या बोलण्यावर कोणाचा धंदा किंवा कोणाची चळवळ अवलंबून होती, तेही लिहावे. तारखा लागल्या की विसंगतीचा बराचसा भाग आपोआप उलगडतो. चित्रपट तयार झाला तेव्हा ती २३ वर्षांची होती आणि ट्रेनर तिचा नवराही होता, व्यवस्थापकही. मारणाऱ्या माणसाबरोबर राहणारी बाई चारचौघांत 'माझे बरे चालले आहे' असे म्हणते, यात नवल वाटावे असे काही नाही. आपल्या आसपासच्या घरांत हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेले असते.

तरीही सर्व शंका मिटतात, असा दावा मी करणार नाही. चित्रपटात काम केलेल्यांपैकी काहींनी नंतर ट्रेनरचा जाच मान्य केला, पण चित्रीकरणाच्या जागी सक्ती दिसली नाही असे सांगितले. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. खोलीचे दार लागल्यावर जे घडते ते कॅमेऱ्यासमोर दिसायलाच हवे असे नाही.

खटल्याचा भाग

टायलर यांच्या निकालानंतर 'न्यू वर्ल्ड'च्या दर्शनी फलकावर 'न्यायाधीशांनी गळा चिरला, जग शोकाकुल' अशा अर्थाचा मजकूर झळकला ('थ्रोट' म्हणजे गळा). तो किस्सा रंगतदार आहे, पण खरे कायद्याचे प्रकरण मेम्फिसचे. टेनेसी राज्यातील या शहरात सरकारी वकील लॅरी पॅरिश यांनी अश्लील साहित्याच्या आंतरराज्य वाहतुकीच्या कटाचा खटला भरला आणि त्यात रीम्सलाही गोवले. फ्लोरिडात केलेल्या अभिनयासाठी एका नटाला, ज्या शहराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता तिथे, १९७६ मध्ये दोषी ठरवण्यात आले. जॅक निकल्सन, वॉरन बेटी यांच्यासारखे नट त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि अपिलाचे काम वकील अॅलन डर्शोविट्झ यांनी पाहिले. १९७७ मध्ये त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द झाला. 'मिलर' निकालाने अश्लीलता ठरवण्यासाठी स्थानिक समाजाची मापे लावावीत असे म्हटले होते; पण तो निकाल जून १९७३ चा आणि रीम्सचे काम जानेवारी १९७२ चे. नंतरचा निकष आधीच्या कृत्याला लावून त्याला दोषी ठरवले होते. माहितीपट हे भराभर उरकतो, म्हणून 'मिलर'ची तारीख आपल्या कागदावर आधीच असणे उपयोगी पडते.

समाजाची मापे हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'शामा' या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयाने दोषी ठरवल्यावर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, आणि समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत असेही नमूद केले. दोन्ही खटले शेजारी ठेवून गटात वाचले तर चर्चा चांगली होते. फक्त एक भान ठेवावे: काकोडकरांची शामा कागदावरची होती. 'डीप थ्रोट'च्या खटल्यांत चित्रपटाविषयी, नटाविषयी, वितरकाविषयी शेकडो पाने लिहिली गेली, पण पडद्यावरच्या हाडामांसाच्या बाईची संमती होती का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

वॉटरगेटचा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या प्रकरणाचा, भाग आला की हलकेच पुढे जावे. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या गुप्त खबऱ्याला संपादक हॉवर्ड सायमन्स यांनी या चित्रपटाचे नाव दिले, एवढाच तो संबंध. तो खबऱ्या म्हणजे एफबीआयचे वरिष्ठ अधिकारी मार्क फेल्ट होते हे माहितीपट लागल्यानंतर साडेतीन महिन्यांनी, ३१ मे २००५ रोजी जगाला कळले.

संपल्यावर

दिवे लागताच 'मग ती खरे बोलत होती की खोटे?' असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. तो तिथेच बाजूला ठेवावा, नाहीतर चर्चेचे न्यायालय होते आणि कठड्यात पुन्हा तीच उभी राहते. त्याऐवजी विचारावे की जानेवारी १९७२ मध्ये तिला नाही म्हणणे शक्य होते का, आणि आपण जे उत्तर देत आहोत ते कोणाच्या बोलण्यावरून. तीन रकान्यांची वही इथे उघडावी. शक्य असल्यास 'ऑर्डील'मधील चित्रीकरणाविषयीची प्रकरणे आधी कोणीतरी वाचून आलेले असावे. २०१३ मध्ये आलेला, अमांडा सायफ्रेडने लिंडाची भूमिका केलेला 'लव्हलेस' हा कथापट दुसऱ्या बैठकीसाठी ठेवावा. तो तिच्या आत्मकथनाच्या बाजूने उभा आहे, त्यामुळे माहितीपटाशी त्याची तुलना करायला सोपे जाते.

माहितीपट आठवडाभराने पुन्हा पाहावा, तोही एकट्याने आणि घड्याळ घेऊन. लिंडाचा स्वतःचा आवाज सुरू झाला की घड्याळ लावावे आणि दुसऱ्या कोणी बोलायला लागले की थांबवावे. तिच्या नुसत्या छायाचित्रांचा वेळ धरू नये. शेवटी बेरीज करून ती दीड तासाशी ताडून पाहावी आणि सनावळीच्या कागदावर, एप्रिल २००२ च्या नोंदीशेजारी लिहून ठेवावी.